बेटावरची दोरी

लेकीचं बाळंतपण उरकून ती बाराव्या दिवशी परत आली. घरात पिशवी टाकली, तोंडावर पाणी मारलं आणि दिराच्या पहिल्याच खेपेला होडीत बसून बेटावर गेली. नातवाची आंघोळ, लेकीचं खाणंपिणं, सगळं तिने हौसेने केलं होतं, पण शेवटचे दोन दिवस तिचं तिथे लक्ष नव्हतं. धक्क्याच्या चौदा पायऱ्या चढून ती वर आली आणि शेवटच्या पायरीवरच थांबली. दोरी सरळ होती.

कुणी म्हणेल, दोरी सरळ असली तर बिघडलं काय? बिघडलं ते असं. बेट राखीव होतं. तिथे झाड तोडायचं नाही, दगड उचलायचा नाही, वस्ती करायची नाही. धक्क्यापासून पलीकडच्या कड्यापर्यंत एक वाट तेवढी होती, दोन्ही बाजूंनी खुंट ठोकून काथ्याची दोरी बांधलेली. लोकांनी होडीतून उतरायचं, दोऱ्यांच्या मधून चालायचं, कड्यावरचे पांढरे पक्षी बघायचे, फोटो काढायचे आणि आल्या वाटेने परत जायचं. मध्ये एक खोलगट, गवताळ माळ लागे. त्या माळाच्या पोटात बिळं होती. करड्या रंगाचे, दिसायला अगदीच साधे असे पक्षी त्या बिळांत अंडी घालत. दिवसभर एकतर समुद्रावर नाहीतर बिळात असत आणि तिन्हीसांजेला ये-जा करत, त्यामुळे त्यांना बघायला कुणी येत नसे. वरून पाहिलं तर नुसतं गवत. माणसाचा पाय पडला की बीळ आत ढासळायचं, मग आत अंडं असो की पिल्लू.

म्हणून वाट वाकडीतिकडी असे, आणि तीही बदलती. नवीन माती उकरलेली दिसली की खुंट उपटायचे आणि दोरी फिरवून घ्यायची. कागदावर हे काम तिच्या नवऱ्याचं होतं. पण अकरा वर्षांपूर्वी ह्याच पायऱ्यांवर घसरून त्याचा उजवा गुडघा कामातून गेला, तेव्हापासून माळावर हिंडायचं, टाच आपटून पोकळ जमीन ओळखायची आणि दोरी कुठून न्यायची ते ठरवायचं, हे सगळं तिच्याकडे आलं होतं. तो पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायचा, दोरीला गाठी मारायचा, खुंट रंगवायचा आणि सही करायचा.

नवरा खोलीच्या सावलीत बसून खुंटांना पांढरा रंग देत होता. दोरीवाल्यासाठी म्हणून वनखात्याने बांधून दिलेली ती पत्र्याची एक खोली, बेटावरचं तेवढंच काय ते छप्पर. त्याने आधी नातवाचं विचारलं. तिने सांगितलं, नाक तुमच्यावर गेलंय. तो खूश झाला. मग तिने दोरीचं विचारलं.

झालं होतं असं. मागच्या हंगामात बेटावर माणसांचा पूर आला होता. कुणीतरी कड्याची चित्रफीत काढून फोनवर टाकली आणि जिथे दिवसाला तीस-चाळीस माणसं यायची तिथे तीनशे यायला लागली. दोऱ्या ओलांडल्या, गवतात बसून डबे खाल्ले, बिळं तुडवली. खात्याने मग एक तरुण साहेब पाठवला. माणसं किती सोडायची, कुठून न्यायची, कुठे थांबवायची ह्याचा तो आराखडा करणार होता, म्हणून गावाकडच्या धक्क्यावर त्याचं नाव पडलं आराखडेवाला. त्याला होडी लागायची, पण माणूस कामाचा होता. दोन महिने त्याच धक्क्यावर बसून त्याने उतरणारं एकेक डोकं मोजलं होतं. परत जाणाऱ्यांना तो विचारायचा, बेटावर गर्दी वाटली का? दीर म्हणायचा, होडीत बसताना विचारा साहेब, तिथे खरी वाटते.

हा साहेब वाट मोजायला येणार असा निरोप आला, तेव्हा ती लेकीकडे होती. नवऱ्याने दोरीकडे पाहिलं. सात ठिकाणी वळलेली, कुठे ताठ तर कुठे ढिली. साहेब म्हणेल, हे काय काम झालं? पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरतात, तसं त्याने बेट आवरलं. दिराला हाताशी घेतलं आणि आठवडाभरात धक्क्यापासून कड्यापर्यंत दोरी अशी सरळ ताणली की बघत राहावं. त्या दिवसांत पक्षी दूर समुद्रावर होते, बिळं रिकामी होती. साहेब गेला की परत होती तशी करू, असं त्याच्या मनात होतं. साहेब आला, हातात यंत्र धरून त्या दोरीमधून कड्यापर्यंत चालला, परत आला आणि म्हणाला, छान ठेवलीय वाट. गुडघा दुखायला लागला म्हणून ती होती तशी करणं राहून गेलं.

"मग त्यांना सांगितलंत ना," ती म्हणाली, "की ही आपली रोजची वाट नाही?"

"त्याने विचारलं कुठे?" नवरा म्हणाला आणि ब्रश डब्यात बुडवला.

आठ दिवसांनी साहेब नकाशा घेऊन आला. गावाकडच्या धक्क्यावरच्या तिकिटाच्या खोलीत बैठक झाली. बैठक म्हणजे साहेब, दीर, नवरा आणि दाराशी चहाच्या कपांची थाळी घेऊन ती. नकाशा भिंतीला चिकटवला होता. बेट निळ्या पाण्यात हिरवं, आणि त्याच्या मधोमध पट्टीने मारावी तशी तांबडी रेघ.

साहेबाने समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. माणसं दिवसाला एकशे वीस, एकही जास्त नाही. तीस-तीसच्या चार खेपा. एक तुकडी तासाभरात कड्यापर्यंत जाऊन परत यायला हवी, म्हणजे दोन तुकड्या एकमेकींच्या पायात येणार नाहीत. वाट सरळ आहे म्हणून हे जमतंय, असं तो म्हणाला. रेघेवर कायमच्या लाकडी फळ्या बसवायच्या, दोन्ही बाजूंना कठडा. मग दोरी नको, खुंट नकोत आणि रोज कुणी मागे हिंडायला नको. नवऱ्याकडे वळून तो म्हणाला, तुमचं काम जाणार नाही काका, तुम्हाला इथेच खुर्चीवर बसून तिकिटं फाडायची आहेत. काही सांगायचं असेल तर पंधरा दिवस आहेत, सोळाव्या दिवशी मी फळ्यांच्या खुणा मारायला येतो.

दिराचा चेहरा फुलला. रोज चार भरल्या खेपा म्हणजे हंगामभर कमाईची चिंता नाही. नवरा खुर्चीकडे बघत होता, जणू ती आत्ताच त्याच्या नावावर झाली होती. ती नकाशाकडे बघत होती. ती तांबडी रेघ माळाच्या मधोमध, जिथे सगळ्यात दाट बिळं होती तिथून आरपार गेली होती. साहेबाने कप उचलला, थँक्यू म्हणाला, पण तिला काही विचारलं नाही. त्याचा तरी काय दोष? कागदावर ती नव्हतीच.

बैठकीनंतर ती एकटीच बेटावर निघाली आणि होडीत तिने दिराकडे विषय काढला. त्याने वाऱ्याचा अंदाज घेत वल्हं सरळ केलं. मग म्हणाला, "वहिनी, दादाचा गुडघा बघा. पायऱ्या चढताना त्याचा चेहरा बघा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी खुर्ची देतंय."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला टोचलं. रात्री गुडघ्याला तेल चोळणारे हात तिचेच होते. गुडघ्याची वाटी सरकून बाजूला आलेली, हाताला लागायची. ह्या गुडघ्याने आणखी किती वर्षं चौदा पायऱ्या चढायच्या? तिने घरी गेल्यावर एकदाच विचारलं.

"सांगाल ना साहेबांना?"

"काय सांगू? की तुम्ही येणार म्हणून मी देखावा केला? चारचौघांत खोटारडा ठरू?" मग जरा नरमून तो म्हणाला, "पक्षी दुसरीकडे बिळं करतील. बेट काय एवढंसं आहे?"

बेट एवढंसंच होतं, आणि खोल माती फक्त त्या माळाला होती. बाकी सगळा कातळ. हे त्यालाही ठाऊक होतं. आपण जाऊन साहेबाला सांगावं असं तिच्या मनात दहादा आलं. पण बायकोने जाऊन नवऱ्याचं खोटं उघडं पाडलं तर तो ह्या धक्क्यावर मान वर करून फिरला नसता, आणि तिला तो मान वर केलेलाच हवा होता. तिला रागही आला होता. ज्या माळावर आपण अकरा वर्षं टाचा झिजवल्या तो माळ साहेबाच्या एका भेटीच्या टापटिपीपायी जाणार, आणि आपण थाळी धरून उभ्या होतो, ह्याचा राग.

दुसऱ्या दिवशी तिने पहार घेतली आणि दोरी फिरवायला सुरुवात केली.

एकशे साठ खुंट होते. पहार दोन्ही बाजूंनी हलवून खुंट मोकळा करायचा, उपटायचा, नव्या जागी पहारीने भोक पाडायचं, खुंट रोवायचा, लाकडी मोगरीने ठोकायचा. मध्येमध्ये टाच आपटून बघायची. भरीव जमीन गप्प राहते. पोकळ जमीन खालून उत्तर देते, भरल्या आणि रिकाम्या डब्यावर टिचकी मारून बघावं तसा तो फरक. पहिल्या दिवशी अठरा खुंट झाले. खारट वाऱ्याने बोटांची पेरं फाटली होती, त्यात काथ्याची कुसळं शिरत होती. नवरा खोलीच्या दारातून बघत होता. काय उपयोग आहे ह्याचा, असं तो एकदा म्हणाला. हंगाम सुरू होतोय, पक्षी येतील, एवढंच ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तो आला. डावा पाय वाकवून, उजवा सरळ पुढे टाकून जमिनीवर बसला आणि तिने रोवलेल्या खुंटांना गाठी मारायला लागला. गाठी मारण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. एका खुंटाची गाठ संपली की दोन्ही हातांवर भार देऊन बसल्याबसल्या पुढच्या खुंटापर्यंत सरकायचा. पँटची बैठक दोन दिवसांत विरली. दुपारी दीर तीस माणसं घेऊन आला. त्यातल्या एका बाईने, काका असे खुरडत का जातायत, असं मोठ्याने विचारलं आणि दोनतीन जण हसले. नवऱ्याचे कान लाल झाले. तिने मोगरीचा घाव जरा जास्तच जोरात घातला, मग त्या बाईला रस्ता दाखवून पुढे पाठवलं.

असे नऊ दिवस गेले. जेवायला ती दोघं खोलीच्या भिंतीला टेकून बसत. डबा उघडत, लेकीच्या फोनची वाट बघत, नातवाबद्दल बोलत. साहेबाबद्दल आणि नकाशाबद्दल कुणीच काही काढत नव्हतं. विषय दोघांच्या मध्ये तिसऱ्या माणसासारखा जेवायला बसायचा.

बाराव्या दिवशी संध्याकाळी पक्षी आले. आधी पाण्यावर करड्या ठिपक्यांची एक पट्टी दिसली, मग एकेक ठिपका सुटा होऊन माळावर उतरला. उतरतात कसले, आपटतात. हवेत देखणे आणि जमिनीवर अगदी बावळट. गवतातून फरपटत प्रत्येक जण आपल्या बिळाशी गेला. थोड्या वेळाने माळाच्या पोटातून कुरकुर सुरू झाली. वर्षभर बंद असलेल्या घरात माणसं परतली की जशी भांडी वाजायला लागतात, तसं सगळीकडून काहीतरी चालू झालं.

सरळ दोरीच्या जुन्या भोकांजवळ एक बीळ होतं. त्याच्या तोंडाशी ती पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. दरवर्षी ती एवढ्या एकाच बिळात हात घालायची. चोच बसली तशी तिने हात काढला. बोटाला रक्त होतं आणि ती हसत होती.

"आलंय," ती म्हणाली. "तेच. पायाचं एक बोट वाकडं असलेलं. तुम्ही बघा."

"मला कशाला?"

"बघा तर."

पालथं पडणं त्याला सोपं नव्हतं. त्याने आधी पहारीचा आधार घेतला, मग तिच्या खांद्याचा. गाल गवताला टेकवून त्याने हात आत घातला. काही वेळ तो तसाच पडून राहिला. तिला वाटलं, चोच बसली असेल, पण तो ओरडला नाही.

"गरम आहे गं," तो म्हणाला.

अकरा वर्षं ह्या पक्ष्यांच्या नावाने तो सही करत होता आणि त्याने एकालाही हात लावला नव्हता. उठताना त्याने तिचा हात धरला, आणि उठून झाल्यावरही थोडा वेळ सोडला नाही. तिला फार बरं वाटलं. पण त्यानेही काही कबूल केलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

सोळाव्या दिवशी साहेब आला. होडीतून उतरल्यावर नेहमीप्रमाणे पाच मिनिटं पायरीवर डोकं धरून बसला. दिराने लोखंडी खुणांची पिशवी वर आणली, नवऱ्याने ती खांद्याला लावली. साहेब नकाशा उलगडून पुढे, मागे नवरा, त्याच्या मागे दीर आणि सगळ्यात शेवटी ती. माळाच्या कडेला आल्यावर साहेब थांबला. दोरी त्याच्या समोरून उजवीकडे वळली होती, पुढे जाऊन डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. नकाशात सगळं सरळ.

"ही दोरी अशी कशी?" त्याने विचारलं.

"वाऱ्याने सरकली असेल साहेब," दीर म्हणाला.

साहेबाने एका खुंटाला हात लावून पाहिला. तो जमिनीत हातभर रुतलेला होता. त्याने दिराकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. आता नवरा काय म्हणेल ते तिला खरंच माहीत नव्हतं. कामासाठी तात्पुरती हलवली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. साहेबाने मान डोलावली असती आणि पहिली खूण ठोकायला लावली असती. खुर्चीही राहिली असती.

नवऱ्याने पिशवी खाली ठेवली.

"साहेब, दोरी बरोबर आहे. नकाशा चुकलाय," तो म्हणाला. "म्हणजे मीच चुकवलाय. तुम्ही येणार म्हणून मी ती सरळ करून ठेवली होती. तेवढ्यापुरती."

दिराने जिभेने टाळू वाजवली आणि समुद्राकडे तोंड केलं. नवऱ्याने त्याला दोन पावलं पुढे, तांबडी रेघ जिथून जात होती तिथपर्यंत नेलं आणि म्हणाला, टाच आपटा, हळू. साहेबाने बूट आपटला. मग आणखी एका ठिकाणी. दुसऱ्या वेळी खालून कुरकुर आली, रागावलेली. साहेबाने पाय असा उचलला, जणू तो निखाऱ्यावर पडला होता.

तो दोरीच्या आत परत येऊन खाली बसला. नकाशा मांडीवर घेऊन बोटाने रेघ चाचपत राहिला. त्याचे दोन महिने त्या रेघेत गेले होते. रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं. तो रागावला नाही, फक्त थकल्यासारखा दिसला. म्हणाला, ह्या वाटेने कड्यापर्यंत जाऊन यायला दोन तास लागतील. म्हणजे दोनच खेपा. साठ माणसं. फळ्या बसणार नाहीत. आणि काका, मग खुर्चीचं मी काही सांगू शकत नाही.

"राहू द्या," नवरा म्हणाला.

"साठ," दीर समुद्राकडे बघतच म्हणाला. "माझी होडी धुवायला तरी मोकळा वेळ मिळेल." तो रागावला होता आणि आणखी काही दिवस रागावलेला राहणार होता, पण पिशवी त्यानेच उचलली आणि दादाच्या खांद्याला परत लावून दिली.

साहेबाने खिशातून पेन काढलं. बरोबर वाट कुठली ते दाखवा, म्हणाला, मी पुन्हा यंत्र घेऊन चालतो. नवऱ्याने दोरीकडे हात केला. ही काय.

"ही आजची," ती म्हणाली.

साहेबाने मागे वळून पाहिलं. इतक्या महिन्यांत ती त्याच्यासमोर पहिल्यांदा बोलली होती, चहाचं सोडून. तिने सांगितलं की अजून निम्मे पक्षी यायचे आहेत. ते नवी बिळं उकरतील, पंधरा दिवसांनी ही दोरी तिसऱ्या वळणावर आत घ्यावी लागेल. पिल्लं बाहेर आली की पुन्हा वेगळी. पुढच्या वर्षीचं आज कुणीच सांगू शकत नाही.

"अहो पण मला कागदावर एक रेघ लागते," साहेब म्हणाला. तो तक्रार करत नव्हता, अडचण सांगत होता. "वाट रोज बदलत असेल तर मी लिहू काय?"

तिने क्षणभर विचार केला.

"लिहा की माळावरून विचारून जायचं."

साहेब हसला नाही. त्याने नकाशाच्या कोऱ्या कडेवर बारीक अक्षरात ते लिहिलं. मग पेन थांबलं, कारण तो आराखडे करणारा माणूस होता आणि वाक्य अर्धवट राहिलेलं त्याला दिसत होतं.

"कुणाला विचारून?"

सवयीने तिने नवऱ्याकडे पाहिलं. कागदावरचं नाव त्याचं होतं आणि आज तेवढंच त्याच्याकडे उरलं होतं.

"हिला," तो म्हणाला, आणि तिला पुढे जायला जागा व्हावी म्हणून दुखरा पाय ओढत दोरीला चिकटून उभा राहिला.